लाकूडतोड्याची तिसरी कुऱ्हाड

मागच्या महिन्यात ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका कलीगने विचारलं, "कॅम्पिंगला न्यायला स्वस्त आणि मस्त कुऱ्हाड सुचवा. बजेट दोन हजार." दहा मिनिटांत अकरा लिंक आल्या. प्रॉडक्शन सर्व्हर बंद पडला तरी आमच्या ग्रुपवर इतक्या पटकन कोणी उत्तर देत नाही :)

मी गप्प बसलो, कारण माझं उत्तर ग्रुपवर मावणारं नव्हतं. शिवाय त्या अकरांतली एक कुऱ्हाड मी ओळखली. तीच मी दोन वर्षांपूर्वी घेतली होती आणि तिच्यापायी माझा एक मित्र मरता मरता वाचला. तेव्हा आजचा लेख म्हणजे त्या कलीगला दिलेलं उत्तर. थोडा लांबेल. चहा घेऊन बसा.

आधी ती गोष्ट सांगतो. जुलैमध्ये पुण्यातल्या फ्लॅटवर बसून, बाहेर धो धो पाऊस पडत असताना, मी ती ऑनलाइन मागवली. किंमत १,३४९ रुपये, रेटिंग ४.३. चकचकीत पॉलिश केलेला लाकडी दांडा, पात्याला चामड्याचं कव्हर. रिव्ह्यू मी मन लावून वाचले होते. 'पॅकिंग छान', 'डिलिव्हरी वेळेच्या आधी', 'दिसायला एक नंबर, भावाला गिफ्ट दिली'. आता आठवतो तेव्हा लक्षात येतं की त्या चाळीस-पन्नास रिव्ह्यूंमध्ये 'लाकूड' हा शब्दच कुठे नव्हता!

कुऱ्हाड सहा महिने कपाटात पडून राहिली. जानेवारीत मुहूर्त लागला. सोलापूरकडच्या माणसाला कॅम्पिंग हा शब्द नवीन असेल, प्रकार नवीन नाही. मालदांडी ज्वारी हुरड्यात आली की शेतात जायचं, आगटी करून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजायची, तळहातावर चोळून गरम गरम हुरडा शेंगाच्या चटणीबरोबर खायचा, आणि थंडी सोसत असेल तर रात्री तिथंच मुक्काम ठोकायचा. पुण्याचे तीन मित्र मी हुतात्मा एक्स्प्रेसने घेऊन आलो. मोहोळ तालुक्यात आमचं शेत आहे, तिथं दोन तंबू लावले. स्लीपिंग बॅग कोणाकडेच नव्हत्या, पण सोलापुरात चादरींना काय तोटा!

शेकोटीसाठी बांधावर पडलेल्या बाभळीचे ओंडके होते. मी ऐटीत कुऱ्हाड काढली. सगळे बघत होते, एक जण मोबाइलवर शूटिंग करत होता. पहिले दहा-बारा घाव मस्त बसले. मग पातं दांड्यावर किंचित हललं. मला ते जाणवलं होतं, हे इथं कबूल करतो. थांबून बघायला हवं होतं. पण कॅमेरा चालू होता. पुढचा घाव घालायला कुऱ्हाड डोक्यावर नेली आणि हातात एकदम हलकं वाटलं. पातं दांड्यातून निसटून मागे गेलं होतं. मागे सात-आठ फुटांवर एक मित्र चादरीवर बसून चटणीचा डबा उघडत होता. ते त्याच्या कानाजवळून गेलं आणि ज्वारीत पडलं. ताटं मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"का बे, मारतोस काय?" तो म्हणाला. (चार दिवसांत सोलापुरी 'बे' उचलला होता पठ्ठ्याने.) हसला तो एकटाच. आम्ही बाकीचे नुसते बघत राहिलो. त्या रात्री मला झोप लागली नाही. वितभर इकडे असतं तर? त्याच्या आईला फोन कोणी केला असता?

सकाळी माझे थोरले चुलते शेतावर आले. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. त्यांनी ज्वारीतून पातं शोधून काढलं, अंगठ्याने धार बघितली, मग दांडा उचलून उन्हात धरला. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. ते एवढंच म्हणाले, "पातं बरं हाय की. दांडा वाईट हाय. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, शाळेत शिकवलं न्हाई व्हय?"

शिकवलं होतं! म्हणीचा अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा, दोन मार्क. लाकडाचाच दांडा होऊन कुऱ्हाड लाकडाच्या मुळावर उठते, म्हणजे घरभेदी माणूस, वगैरे. पण दांडा खरोखरच गोतावर उठू शकतो आणि ते गोत म्हणजे चादरीवर बसलेला आपला रूममेट असू शकतो, हे दोन मार्कांत येत नाही.

नंतर मी त्या दांड्याचं रीतसर पोस्टमॉर्टम केलं (इंजिनिअरची खोड). दोन दोष सापडले. पहिला म्हणजे लाकूड पाणी धरतं आणि सोडतं, आणि त्याप्रमाणे आडव्या अंगाने फुगतं आणि आकसतं. पावसाळ्यात दमट हवेत घट्ट वाटणारा दांडा सोलापूरच्या कोरड्या हवेत आकसला. पात्याचं भोक लोखंडाचं, ते होतं तेवढंच राहिलं. दोन्हींमध्ये फट पडली. वर बसवलेली पाचर इतकी आखूड होती की तिचा काही उपयोग नव्हता. दुसरा दोष म्हणजे दांड्यातल्या लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने न जाता तिरक्या बाहेर पडत होत्या. पॉलिशखाली ते दिसत नव्हतं. पातं निसटलं नसतं तर पुढेमागे दांडा त्या रेषेवर मोडला असता. दोन्ही गोष्टी घेतानाच तपासता आल्या असत्या, पण फोटोत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. स्वस्त कुऱ्हाड कुठली?

लहानपणी ऐकलेली लाकूडतोड्याची गोष्ट सगळ्यांना आठवत असेल. इसापाची, पण आपल्याकडे ती इतकी मुरली आहे की लाकूडतोड्या आपल्याच गावचा वाटतो. नदीत कुऱ्हाड पडते, देवी आधी सोन्याची वर काढते, मग चांदीची, मग लोखंडाची. आजच्या बाजारातही याच तीन आहेत.

सोन्याची म्हणजे स्वीडनची. तिथले हुल्ट्स ब्रुक हे कारखानदार १६९७ पासून आणि ग्रान्सफोर्स १९०२ पासून कुऱ्हाडी घडवत आहेत. माल अप्रतिम असतो, वाद नाही. हातोड्याखाली घडवलेलं पातं, हिकरी लाकडाचा दांडा. पण भारतात येईपर्यंत किंमत पाच आकड्यांच्या आसपास जाते. वर्षातून चार वेळा शेकोटी करणाऱ्याने ती घेणं म्हणजे पिठाच्या गिरणीपर्यंत जायला मर्सिडीज. कोणाला हौस असेल तर जरूर घ्यावी, हौसेला मोल नाही. पण मग 'स्वस्त' हा शब्द वापरू नये.

चांदीची म्हणजे हजार ते अडीच हजारांतली, चकचकीत फोटोवाली. यात सगळंच टाकाऊ असतं असं मी म्हणणार नाही. फायबरच्या दांड्याची चांगली कुऱ्हाड हवेने आकसत नाही, वाळवी लागत नाही. अडचण अशी की पातं आणि दांडा यांचा जोड चिकटवलेला असतो. तो सैल झाला तर घरी दुरुस्त होत नाही, कुऱ्हाडच टाकून द्यावी लागते. लाकडी दांड्याच्या स्वस्त मालात लाकूड कोणतं, किती वाळवलेलं, रेषा कशा, काहीच कळत नाही. घेतल्यावर लागली तर लॉटरी.

आणि लोखंडाची म्हणजे लोहाराची. माझं मत याच तिसऱ्या कुऱ्हाडीला आहे. 'आपलं ते चांगलं' म्हणून नाही, तपासून बघितल्यावर.

त्याच आठवड्यात तात्या मला एका घिसाडी कुटुंबाकडे घेऊन गेले. आमच्याकडे सुगीच्या आसपास ते गावाबाहेर रस्त्याच्या कडेला पाल ठोकतात. भाता, ऐरण, घण, सांडशी, एवढाच कारखाना. ज्यांनी हे बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, त्यात जड काम बाईचं असतं. पुरुष सांडशीत तापलेलं लोखंड धरून हातोड्याने जागा दाखवतो आणि त्याच जागेवर बाई घण घालते. दोघांत बोलणं नाही, तरी एक घाव चुकत नाही. आम्ही याला टीमवर्क म्हणतो आणि त्यासाठी लोणावळ्याला ऑफसाइट ठेवतो.

मावशींनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "कुऱ्हाड तोडाया पायजे का फोडाया?"

मी गडबडलो. १,३४९ रुपये घेताना मला हे कोणी विचारलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं. खरं म्हणजे सगळी निवड या एका प्रश्नावर अवलंबून आहे. तोडायची कुऱ्हाड लाकडाच्या रेषा आडव्या कापते, म्हणून तिचं पातं पातळ आणि धार बारीक लागते. फोडायची कुऱ्हाड रेषांमध्ये शिरून ओंडका दोन बाजूंना ढकलते, म्हणून ती पाचरीसारखी जाड आणि वजनदार लागते. पातळ कुऱ्हाडीने फोडायला गेलं तर ती ओंडक्यात अडकून बसते आणि जाडीने तोडायला गेलं तर नुसत्या ढलप्या उडतात. क्लायंटला 'तुम्हाला नक्की काय करायचंय' हे विचारायला आमच्याकडे बिझनेस अ‍ॅनालिस्टची टीम असते. इथं ते काम अर्ध्या वाक्यात झालं.

"शेकोटीपुरतं फोडायचं, मावशी," मी म्हणालो. कापडावर चार-पाच पाती मांडलेली होती. त्यातलं एक त्यांनी उचलून माझ्या हातात दिलं. वजन साधारण सव्वा किलो. काळंकुट्ट, अंगावर घणाचे वळ, फक्त धार चकाकत होती.

पोलाद कुठलं, हे विचारल्यावर काका म्हणाले, "ट्रकचा पाटा." म्हणजे ट्रकखालची पट्ट्यांची स्प्रिंग. हे ऐकून तुम्हाला भंगार वाटेल, मलाही वाटलं. घरी आल्यावर वाचलं. स्प्रिंगच्या पोलादात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो आणि लाखो खड्डे खाऊनही मोडू नये म्हणून ते चिवट बनवलेलं असतं. कुऱ्हाडीलाही हेच दोन गुण हवेत. धार टिकण्याइतका कडकपणा आणि गाठीवर आपटली तर तुकडा उडू नये इतका चिवटपणा. म्हणजे मोटार कंपनीने तपासून वापरलेलं पोलाद आपल्याला किलोच्या भावात मिळतं.

पण नुसतं पोलाद असून चालत नाही, त्याला पाणी नीट द्यावं लागतं. काकांनी एक खुरपं लालभडक तापवून धारेपुरतं पाण्यात बुडवलं. मग बाहेर काढून, दगडावर घासून, डोळे बारीक करून बघत बसले. आतल्या उष्णतेने धारेवर रंग चढत येतो. आधी पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा साधारण २३० अंशांना, निळा ३०० च्या आसपास. पिवळ्यावर थांबलं तर धार कडक राहते, निळ्यावर गेलं तर मऊ पण चिवट. मेटलर्जीच्या पेपरला मी हा तक्ता पाठ केला होता आणि परीक्षा झाल्यावर विसरलो होतो. काकांकडे थर्मामीटर नव्हता. त्यांनी बरोबर रंगाला खुरपं परत पाण्यात टाकलं.

भाव साडेचारशे सांगितला, नुसत्या पात्याचा. मी सवयीने म्हणालो, "चारशे करा की." तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप साडेचारशेचा यूपीआय केला. ऑनलाइन १,३४९ देताना मी एक रुपयाची घासाघीस केली नव्हती, हे तात्यांना माहीत नव्हतं. मला होतं.

निघताना विचारलं, मुलं हेच करतात का? मोठा पुण्याकडे कुठल्याशा कंपनीत वेल्डिंगला लागला होता. "बरं झालं," मावशी म्हणाल्या, "हितं आता काय ऱ्हायलंय?" खरंच आहे. पूर्वी बैलाच्या नांगराचा फाळ, कुळवाची पास दरवर्षी लोहाराकडे शेवटायला जायची. ट्रॅक्टर आला आणि ते काम गेलं. उरली खुरपी, विळे, कोयते आणि क्वचित एखादी कुऱ्हाड. मी साडेचारशे रुपयांत त्यांचा धंदा वाचवला असला काही गैरसमज माझा नाही. मुलगा वेल्डर झाला ते चांगलंच झालं. मला एवढंच म्हणायचं आहे की हे ज्ञान आज आपल्याला रस्त्याच्या कडेला, अत्यंत कमी पैशांत मिळतंय आणि आपण त्याच रस्त्याने गाडीतून जाताना मोबाइलवर कुऱ्हाड शोधतोय.

दांडा तात्यांनी दिला. बाभळीचा, वर्षभर वळचणीला वाळत ठेवलेला. तासून भोकात बसवला, वरून चांगली लांब पाचर ठोकली आणि जवसाचं तेल पाजलं. एकूण खर्च पाचशेच्या आत.

तर आता ज्यांना घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी मुद्द्याचं बोलतो. सांगोल्याच्या बाजारात घ्या, घिसाड्याकडून घ्या, नाहीतर बोहरी दुकानातून घ्या, या गोष्टी तपासा:

१. कानस खिशात ठेवा. धारेवर हळूच घासा. कानस घसरत गेली तर पातं कडक आहे, खचकन रुतली तर मऊ, धार टिकणार नाही. थोडीशी चावून घसरली तर उत्तम. दुकानदार हे करू देत नसेल तर दुसरं दुकान गाठा.

२. दांडा डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखा नेम धरा. धार आणि दांडा एका रेषेत दिसले पाहिजेत. तिरकं असेल तर प्रत्येक घाव तिरका जाणार.

३. दांड्यावरच्या रेषा वरपासून खालपर्यंत सलग गेल्या पाहिजेत. रंगवलेला, जाड पॉलिश केलेला दांडा घेऊ नका. रंगाखाली काय आहे ते रंगवणाऱ्यालाच माहीत.

४. लांबी. इथं बहुतेकांची चूक होते. छोटी कुऱ्हाड सोपी आणि सुरक्षित वाटते, पण प्रत्यक्षात उलटं आहे. अडीच फुटी दांड्याचा घाव चुकला तर पातं पुढे जमिनीत जातं. दीड फुटीचा चुकला तर ते थेट नडगीकडे येतं. आखूड कुऱ्हाड वापरायची तर गुडघ्यावर बसून आणि ओंडका दुसऱ्या ओंडक्यावर ठेवून.

५. वजन. फोडायला एक ते दीड किलो पुरे. ऊर्जेचं सूत्र आठवा. वस्तुमान दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट, वेग दुप्पट केला तर चौपट. आपल्यासारख्या खुर्चीत बसणाऱ्यांना तीन किलोची कुऱ्हाड वेगाने फिरवता येत नाही आणि पाच घावांत खांदा गळतो.

आणि घेतल्यावर, दर वेळी, पहिल्या घावाआधी पातं हाताने हलवून बघा. सैल वाटलं तर रात्रभर पाण्यात भिजत घालण्याची युक्ती कोणीतरी सांगेल. लाकूड फुगून तेवढ्यापुरतं घट्ट होतं, पण वाळलं की पहिल्यापेक्षा सैल होतं. पाचर बदला. इलेक्ट्रिक ग्राइंडरवर धार लावू नका. धार निळी पडली की काकांनी दिलेलं पाणी उतरलं म्हणून समजा. धारेचा दगड आणि वीस मिनिटं एवढं पुरतं. मागे आणि समोर माणूस नको, आणि कॅमेरा तर नकोच.

आता जरा कटू बोलतो. हा लेख वाचणाऱ्या निम्म्या लोकांना कुऱ्हाड लागतच नाही. पवनेच्या काठावर तंबू भाड्याने घेणार असाल तर लाकडं फोडूनच मिळतात. वाळक्या काटक्या, मनगटाएवढ्या फांद्या यांना कोयता किंवा साधी करवत पुरते. आडवं कापायला तर करवत कुऱ्हाडीपेक्षा सोपी, आणि तिचं पातं उडून कोणाच्या कानाजवळून जात नाही. कुऱ्हाड हवी ती जाड ओंडका उभा फोडायला. ते काम नसेल तर पाचशे रुपयेसुद्धा फुकट.

दुसरं, लाकूड कुठलं? हा प्रश्न त्या अकरा लिंकांपैकी कोणीच विचारला नाही. राखीव जंगलात लाकूड तोडणं आणि आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे. अभयारण्यात तर विषयच नको. स्वतःच्या शेतातही आंबा, चिंच, जांभूळ, साग अशी झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्यासाठी १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. पण कायदा बाजूला ठेवू. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी जी पंचसूत्री पाळली, त्यात नशाबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान यांच्या बरोबरीने एक सूत्र आहे 'कुऱ्हाडबंदी'. राज्य सरकारने १९९२ मध्ये आदर्श गाव योजना आणली तेव्हा तीच सूत्रं त्यात घेतली. अवर्षणाने पोळलेल्या गावांना कुऱ्हाड ही दारूच्या शेजारी बसवावीशी वाटली, यातच काय ते आलं. त्या गावांतल्या बायकांना रोज सरपण लागत होतं, तरी त्यांनी हिरव्या झाडाला कुऱ्हाड न लावण्याचं मान्य केलं. आपण शनिवारी रात्री गिटार वाजवायला जातो आणि आपल्याला झाड पाडायचं असतं?

सोलापूर हा राज्यातल्या सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. इथं बांधावरचा एक कडुनिंब म्हणजे मे महिन्यात चाळीस अंशांच्या पुढे गेलेल्या पाऱ्यात पाच माणसांची आणि दोन म्हशींची सावली. त्यामुळे माझा नियम साधा आहे. उभं झाड तोडायचं नाही, पडलेलं फोडायचं. अपवाद एकच, चिलार ऊर्फ वेडी बाभूळ. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं, एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे आणलेलं. ओढे, गायरानं, पडीक रानं सगळं व्यापून बसलंय. लाकूड कडक आहे, निखारा झकास पडतो. आपल्या रानातली चिलार हवी तेवढी तोडा, बुडख्यातून ती परत फुटतेच. फक्त काट्यांना सांभाळा, ते चपलेतून आरपार जातात.

प्रवासाबद्दलही दोन शब्द. शेतीच्या आणि घरगुती वापरासाठीच बनवलेली अवजारं १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत येत नाहीत, हे खरं. पण २०२२-२३ मध्ये पुण्यात कोयता गँगच्या बातम्या रोज येत होत्या, ते आठवा. रात्री अकरा वाजता नाकाबंदीत बॅगेतून कुऱ्हाड निघाली तर हवालदारसाहेबांना व्याख्या ऐकवायचा धीर माझ्यात नाही. मी माझी कुऱ्हाड शेतातच ठेवतो. ती लागते तिथंच असते.

आता तिला दुसरा हिवाळा चालू आहे. मध्ये एकदा धार बोथट झाली, गाठीवर बसली होती. तात्यांबरोबर जाऊन शेवटून आणली. भट्टीत तापवली, ठोकून धार बारीक केली, पुन्हा पाणी दिलं. पन्नास रुपये. ज्यांनी घडवली त्यांनीच दुरुस्त केली. १,३४९ वाल्या कुऱ्हाडीच्या बाबतीत मी कस्टमर केअरला मेल केली होती. दहा दिवसांच्या आत परत केली असती तर पैसे मिळाले असते, असं उत्तर आलं. तिचं पातं मात्र तात्यांनी टाकू दिलं नाही. त्याला त्यांनी बाभळीचाच दांडा बसवला आणि आता ते काटक्या तोडायला वापरतात. पातं बरं होतं, ते म्हणालेच होते.

या जानेवारीत तेच तिघे पुन्हा आले होते. ज्याच्या कानाजवळून पातं गेलं होतं त्याने पाल शोधून स्वतःसाठी एक पातं घेतलं. मावशींनी त्यालाही विचारलं, तोडाया का फोडाया. तो म्हणाला, "फोडायला. आणि मावशी, जरा घट्ट बसेल असं द्या." लाकूड फोडताना मात्र तो माझ्या मागे बसत नाही. पंधरा फूट लांब, बाजूला बसतो. मी काही बोलत नाही.

तर कलीगभाऊ, तुझं उत्तर. दोन हजारांतले पाचशे लोहाराला दे, दीडशेची कानस आणि धारेचा दगड घे. उरलेल्या पैशांत हुतात्माचं तिकीट काढ आणि हुरड्याला ये. दांडा तात्या देतील.